गडवा हातात असताना बोलू नये

मी शामराव कापगत्यांच्या संडासातला पितळी गडवा. झालं, मुरडलंत ना नाक? मुरडा बापडे. मला सवय आहे. भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या या क्वार्टरात घरचा कर्ता माणूस सकाळी उठून पहिला हात मला लावतो आणि मग तोच हात साबणाने दोनदा धुतो. माझ्याइतका गरजेचा आणि माझ्याइतका नकोसा या घरात दुसरा कोणी नाही.

माझी जागा आंगणाच्या टोकाला, जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखालच्या खोलीत. खोली कसली, चार भिंती, एक नळ, एक ड्रम आणि छताजवळ हातभर झरोका. मला भरून ठेवलं की त्या झरोक्यातलं आभाळ माझ्या पाण्यात उतरतं. जामाची दोन पानं हलतात. संध्याकाळी पोलादाच्या प्लांटकडे लोखंडाचा वितळलेला मळ, स्लॅग, ओतला की सगळं आभाळ लाल होतं, आणि ते लालही माझ्यात येऊन बसतं. रिकामा असलो की मी नुसतं भांडं असतो. भरलेला असलो की गुंगतो, आणि मला स्वप्नं पडतात.

दुसरं एक सांगून ठेवतो. मी पोकळ आहे, त्यामुळे आवाज माझ्यात शिरले की सहसा बाहेर पडत नाहीत. साठ वर्षांपूर्वीचा हातोडीचा ठोका अजून माझ्या पोटात कुठेतरी वाजत असतो. तेव्हा मी सांगतो ते ऐकीव नाही. साठवलेलं आहे.

भंडाऱ्याच्या कासाराने मला घडवलं. त्याने माझ्या गळ्याखाली बारीक ठिपक्यांनी नाव कोरलं, 'सौ. तुळसाबाई धोंडबा कापगते', आणि साकोलीकडच्या एका शेतकऱ्याने लेकीच्या लग्नात मला आंदण दिलं. माझ्यातलं पहिलं पाणी वैनगंगेचं. मला पडणाऱ्या स्वप्नांत निम्मी तिचीच असतात. रुंद, संथ, मधे वाळूचा पट्टा, आणि काठावर एक सोळा वर्षांची पोरगी मला बुडबुड आवाज करत भरते आहे.

ती तुळसाबाई. तिचा नवरा धोंडबा गावची दोन एकर भावाच्या हाती देऊन इकडे आला होता. कारखाना तेव्हा उभा होत होता. दुर्गकडे येणाऱ्या पॅसेंजरमध्ये ती डोक्यावरचा पदर दातात धरून बसली होती आणि मी तिच्या मांडीवर. दर दोन स्टेशनांनी ती मला विचारल्यासारखं आत बघायची, किती पाणी उरलं म्हणून.

कॅम्प एक या कामगारवस्तीत त्यांना एक खोली मिळाली. तिथे मी घडवंचीवर बसलो. काय माझा थाट होता! पाहुणा आला की आधी मी पुढे. गणपतीत देवापुढे मी. तुळसाबाई मला चिंचेने घासायची, आणि मी इतका लखलखायचो की लहानगा शामराव माझ्यात तोंड बघून जीभ काढायचा. त्या पोराला मी पहिल्यांदा पाहिलं ते असं, वाकडं आणि पिवळं.

मग माझं नशीब फिरलं. तेही एका माणसाच्या घाईमुळे.

कॅम्पात तेव्हा घरोघरी संडास नव्हते. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक होते आणि सकाळी तिथे रांग लागायची. प्रत्येकाच्या हातात टिनाचा डबा, वरून टॉवेल टाकून झाकलेला. जणू टॉवेलखाली काय आहे ते कोणाला कळतच नव्हतं. त्या रांगेचा एक नियम होता आणि तो कोणी लिहून ठेवलेला नव्हता. गडवा हातात असताना बोलायचं नाही. समोर सख्खा व्याही उभा असला तरी त्याला रामराम करायचा नाही. त्यानेही आपल्याला ओळखायचं नाही. हात धुऊन परत आलं की मग खुशाल गळ्यात गळे घाला. साकोलीकडे शेतात जाताना माणसं हेच पाळत आली होती. कॅम्पात शेत नव्हतं, पण नियम सोबत आला होता.

एका सकाळी पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला आणि धोंडबाच्या डब्याला भोक पडलेलं निघालं. पोट काही थांबायला तयार नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि घडवंचीवरून मला उचलून धूम ठोकली.

"अवो, थो नोका नेऊ! देवाचा गडवा हाय थो!" तुळसाबाई दारापर्यंत धावली. पण धोंडबा तोवर रांगेच्या जवळ पोचला होता आणि नियमाप्रमाणे मुका झाला होता.

परत आल्यावर तिने मला उंबऱ्याबाहेर ठेवलं. राखेने घासलं, चिंचेने घासलं, पुन्हा राखेने घासलं. मी पूर्वीपेक्षा जास्त चमकलो. धोंडबा म्हणाला, "झाला ना साफ? घे घरात."

"धुतला तं काय झालं? बाटला थो बाटला," ती म्हणाली. माहेरची वस्तू होतो मी. त्या दिवसापासून मी घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

मला वाईट वाटलं का? वाटलं. खूप दिवस वाटलं. पण मग हळूहळू लक्षात आलं की घडवंचीवरून मला माणसाचा फक्त चेहरा दिसायचा. इथे मला माणूस दिसतो. दार लावून घेतलं की माणूस जो असतो तोच असतो. सुस्कारे टाकतो, आकडेमोड करतो, रडायचं असेल तर इथेच रडतो. सगळं करतो, फक्त बोलत नाही.

धोंडबा कोक ओव्हनला कामाला होता. तिथे कोळसा भाजून कोक करतात. भट्टीच्या छतावर उभं राहायचं म्हणजे लाकडी तळाच्या चपला घालाव्या लागतात, आणि त्याही तापतात. त्या माणसांत एक समज होता, अगदी पक्का. भट्टीची गरमी तळपायातून अंगात चढते, पोटात बसते, आणि जास्त झाली की खालून रक्त होऊन निघून जाते. निघते आहे तेच बरं, आत राहिली तर माणूस जाईल. म्हणून कोणाला रक्त गेलं तर तो घाबरायचा नाही. ताक प्यायचा, बेलाचं सरबत प्यायचा आणि पुन्हा भट्टीवर जायचा.

धोंडबाला पन्नाशीनंतर रक्त जायला लागलं. मी रोज पाहत होतो. त्याने कोणाला सांगितलं नाही. कोणाला सांगणार? माझ्यासमोर असायचा तेव्हा बोलायचं नाही, आणि बाहेर गेल्यावर चारचौघांत असली गोष्ट काढायची नाही. दीड वर्षात माणूस निम्मा झाला. गेला तेव्हा लोक म्हणाले, पोटाच्या दुखण्याने गेला. तुळसाबाईही पाठोपाठ गेली. मला माहीत होतं, पण मला तोंड कुठे आहे? म्हणजे तोंड आहे, तेच तर आहे, पण त्यातून फक्त पाणी निघतं.

शामरावही कोक ओव्हनलाच लागला होता. त्याला सेक्टर दोनचं क्वार्टर मिळालं तेव्हा आईची आठवण म्हणून त्याने मला पोत्यात घालून आणलं. घडवंचीवर नाही, इथेच. पुढे त्याची लेक मोनाली मोठी झाली आणि तिने गुलाबी प्लास्टिकचा मग आणला. घरातल्या बायका तो वापरतात. शामराव मात्र मलाच उचलतो. सकाळी मला उंबऱ्याजवळच्या नळावर विसळून आणतो, तेव्हा आधी टॉवेल टाकून झाकतो आणि मग आंगणातली अठरा पावलं चालतो. त्याच्या स्वतःच्या घराचं आंगण, बघायला जामाच्या झाडाशिवाय कोणी नाही, पण टॉवेल पाहिजेच.

या शामरावची एक ख्याती आहे. भिलाईत विदर्भातल्या माणसांचं काही कार्य असो, लग्न, तेरवी, बारसं, पंगतीत वरणाची बादली त्याच्या हातात. वैशाली नगरापासून कॅम्पापर्यंत लोक त्याला बोलावतात. कोणाच्या पानावर भाताचं आळं कुठे आहे ते न बघता तो अचूक वरण सोडतो, एक थेंब बाहेर जात नाही. "घ्या ना जी, कावून लाजून राहिले?" असं म्हणत ओळीतून चालला की म्हातारे दोन घास जास्त जेवतात. भट्टीवर त्याने तीस वर्षं काढली, पण त्याला विचाराल तर तो वाढपी आहे. रिटायर झालो की रोज कुठेतरी वाढायला जाईन, हे त्याचं म्हातारपणाचं स्वप्न.

या होळीला त्याला पहिल्यांदा रक्त गेलं.

मी पाण्याने काठोकाठ भरलेला होतो. झरोक्यातलं आभाळ निळं होतं. शामरावने खाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला उपडं केलं. मग पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा ओतल्यावर काही दिसेनासं झालं. "गरमी," मला खाली ठेवल्यावर तो पुटपुटला. तेवढा एकच शब्द. दुपारी अन्नपूर्णाकडे, म्हणजे बायकोकडे, त्याने ताक मागितलं.

त्यानंतर मला नीट स्वप्न पडेना. डोळा लागला, म्हणजे पाणी स्थिर झालं, की वैनगंगा दिसायची. पण काठावर तुळसाबाईऐवजी धोंडबा उभा असायचा, लाकडी चपला घालून. माझ्याकडे बघायचा आणि बोलायचा नाही.

चैत्र गेला, वैशाख गेला. शामरावला धाप लागायला लागली. कधी पोट साफ होईना, कधी चार-चार वेळा यावं लागे. पँटला नवीन भोक पाडून तो पट्टा आवळायचा. आधी एका गडव्यात भागायचं, आता चार लागायचे. मी त्याच्या लबाडीचा भागीदार झालो होतो, कारण पाणी माझंच होतं.

आखाडीच्या, म्हणजे आषाढ पुनवेच्या, आदल्या दिवशी पाणी आलं नाही. पाइपलाइनचं काम निघालं होतं. ड्रम तळाला गेलेला, आणि माझ्यात काय ते अर्धं पाणी. शामरावने ते ओतलं. पुरलं नाही. त्याने नळ पिळला, नळाने फक्त हवा सोडली. तो मला हातात धरून तसाच उभा राहिला. बाहेर अन्नपूर्णा बादली घेऊन आली होती, शेजारच्या विहिरीचं पाणी घेऊन. "अवो, हे घ्या पाणी. खोला ना दार!"

दार उघडलं. तिने आत पाहिलं.

ती ओरडली नाही. बादली खाली ठेवली, पदराने हात पुसले. "केव्हापासून?"

शामराव गप्प. मी त्याच्या हातात होतो ना.

तिने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि तिने मला पहिल्यांदा हात लावला. मला जमिनीवर ठेवून ती पुन्हा म्हणाली, "आता सांगा. केव्हापासून?"

"होळीपासून. गरमी हाय वं ते. भट्टीची."

"चार महिने?" ती म्हणाली. "चार महिने गरमी निघून राहिली, आन तुमी मले ताक मागून राहिले?"

दुसऱ्याच दिवशी मोनालीने त्याला स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. मला कोण नेणार तिथे? पुढचं मी आंगणातल्या बोलण्यातून जोडलं आहे. रक्त फार कमी झालेलं निघालं. मग दुर्बिणीची तपासणी ठरली, आणि तिच्या आदल्या संध्याकाळी पोट साफ करायचं औषध प्यायला दिलं. ती संध्याकाळ मला पाठ आहे. शामराव अकरा वेळा आला. शेवटी टॉवेल टाकायचंही विसरला.

श्रावणातल्या एका दुपारी तिघं आंगणात बसली होती. जामाच्या सावलीत खाट टाकलेली. मोनालीच्या मांडीवर फाइल.

"पापा, सुनो ना," ती म्हणाली. पोरगी घरात मराठी बोलते, पण घाबरली की तिची मराठी पळून जाते. "डॉक्टरने कहा है, कॅन्सर आहे. आतड्याच्या एकदम खालच्या टोकाला. पण लिव्हरमें नहीं गया, कहीं नहीं गया. म्हणजे इलाज होते, पापा. पूरा होते."

खाटेची दोरी करकरली. जामावर पोपटांचा थवा येऊन बसला होता आणि अर्धी फळं टोचून खाली टाकत होता. मी ते एकेक फळ पडलेलं मोजलं. सात पडल्यावर अन्नपूर्णाने विचारलं, "इलाज काय हाय?"

मोनालीने वाचून सांगितलं. आधी पाच आठवडे किरणांचा शेक, आठवड्यातून पाच दिवस, सोबत गोळ्या. मग काही आठवडे थांबायचं. मग ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर आतलं शिवलेलं भरून येईपर्यंत, काही महिने, पोटावर उजव्या बाजूला एक पिशवी.

"कायची पिशवी?" शामरावने विचारलं.

"त्यात... संडास जमा होते, पापा. खालून नाही जात. पोटातून निघते. कुछ महीने की बात है."

मी शामरावला चांगला ओळखतो. कॅन्सर हा शब्द त्याने पचवला होता. पिशवी हा शब्द नाही.

"मंग मी नाई करत," तो उठत म्हणाला. "शेक घेतो, गोळ्या घेतो. ऑपरेशन नाई."

"अवो, पण डॉक्टर म्हणते सगळं मिळून एक इलाज हाय. अर्धा नाई होत."

"पोटाले घाण बांधून मी पंगतीत उभा राहू? वरण वाढू लोकाइले?" त्याचा आवाज चढला. "थो गडवा पाह्यला ना? मायचा देवाचा गडवा होता थो. एकदा बाटला, मंग कोणी घरात घेतला? तसाच होईन मी. मले तसं नाई व्हाचं."

मी झरोक्याखाली होतो, पाण्याने भरलेला, आणि माझ्यातलं आभाळ गढूळ झालं. साठ वर्षांत माझ्याबद्दल या घरात बोललं गेलं ते हे. त्यासाठी एक माणूस मरायला तयार होता.

दिवस असेच गेले. शेक सुरू करायची तारीख भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्यानंतरच्या सोमवारची होती आणि त्याआधी होकार द्यायचा होता. शामराव रोज येऊन माझ्याशेजारी बसायचा. कधी मला फिरवून माझ्या गळ्याखालच्या ठिपक्यांवरून बोट फिरवायचा, एकेक अक्षर. तु, ळ, सा. 'धोंडबा'वर आला की थांबायचा. तिथे त्याला काहीतरी आठवायचं आणि बोट उचलायचा. दवाखान्यातल्या मल्याळी सिस्टरने विचारलं होतं, घराण्यात कोणाला होतं का? त्याने नाही म्हणून सांगितलं होतं. हे मला अन्नपूर्णाच्या बोलण्यातून कळलं. ऐकलं आणि माझं पितळ आतून थंड झालं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला. घरात आंबील शिजत होती, पुरण वाटलं जात होतं, सोळा भाज्यांचा वास आंगणभर सुटला होता. दुपारी तीसेक माणसं जेवायला येणार. अशा दिवशी माझ्याकडे कोणाचं लक्ष असायचं कारण नाही.

अन्नपूर्णा आत आली आणि तिने कडी लावली. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. आधी तिने मला चिंचेने घासलं. खसखसून, गळ्यापासून तळापर्यंत, जसं तुळसाबाई घासायची. मला वाटलं स्वप्नच पडलं. मग तिने कागद उलगडला. चामडीच्या रंगाची एक चपटी पिशवी, वर गोल चिकटपट्टी, खाली चिमटा. सिस्टरने शामरावला बघायला दिली होती. त्याने ती बघितलीच नव्हती.

अन्नपूर्णाने मला ताज्या पाण्याने भरलं आणि माझ्या काठावरून धार धरून थोडं पाणी पिशवीत घेतलं. चिमटा लावला. पातळ बाजूला सरकवून ती पिशवी पोटाच्या उजव्या बाजूला चिकटवली. दोन्ही हातांनी दाबून धरली आणि डोळे मिटून उभी राहिली. मग साडी सारखी केली, निऱ्या खोचल्या, इकडून तिकडे चार पावलं चालून बघितलं. माझ्या चकचकीत पोटात तिने स्वतःला वाकून बघितलं. वाकडी आणि पिवळी दिसली असेल. हसली, आणि निघून गेली.

दिवसभर मी पंगतीचा आवाज ऐकत होतो. अन्नपूर्णा पुरणपोळ्या वाढत होती. वाकत होती, उठत होती, बायकांच्या ओट्या भरत होती. शामराव खुर्चीवर बसून होता. धाप लागते म्हणून त्याला बादली उचलवत नव्हती. कोणी म्हणालं, "शामराव, तुमच्या हातचं वरण नाई, तं जेवण नाई." तो वरणाच्या बादलीकडे बघत राहिला.

संध्याकाळ झाली. पाहुणे गेले. प्लांटकडचं आभाळ लाल झालं आणि तिघं आंगणात आली. अन्नपूर्णा खाटेसमोर उभी राहिली.

"मोनालीचे बाबा, आज मी सकाळपासून तुमच्या डोळ्यापुढं हाय. माया अंगावर काई नवीन दिसलं?"

"काय? साडी?"

"साडी मागच्या दिवाळीची हाय."

तिने पदर जरा बाजूला केला आणि त्याचा हात धरून पोटाच्या उजव्या बाजूला ठेवला. साडीवरून. शामरावचा हात क्षणभर तिथे राहिला आणि मग चटका बसल्यासारखा मागे आला.

"सकाळी आठपासून बांधून हाय," ती म्हणाली. "हे बांधून पोळ्या लाटल्या, महालक्ष्म्याइले निवद दाखवला, तीस माणूस जेवू घातलं. कोणाले दिसलं? कोणाले वास आला?"

"त्यात पाणी असन," शामराव कसाबसा म्हणाला.

"पाणीच हाय. खोटं नाई बोलत. पण तुमाले जे वाटून राहिलं ना, ते तं सगळ्याइच्याच पोटात असते वो. जेवणाऱ्याच्या बी आन वाढणाऱ्याच्या बी. तुमचं चार महिने कातडीच्या बाहेर राहीन, एवढंच. मी धुऊन देईन. मले आता जमते." तिने पदर सारखा केला. "गडव्याले कोणी घरात घेतलं नाई, खरं हाय. मी हे पाणी त्याच गडव्यानं घेतलं. पाहून घ्या, महालक्ष्म्या उठून गेल्या का?"

मोनाली रडत होती. शामरावने तिच्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग उठला आणि माझ्याकडे आला. आत येऊन कडी लावली, मला उचललं. टॉवेल आणला नव्हता.

मी काठोकाठ भरलेला होतो आणि माझ्यात ते लाल आभाळ होतं. तो बसला. बराच वेळ गेला. मग उठला, आणि मला हातात धरूनच उभा राहिला. मला वाटलं आता ओतेल, एक, दोन, तीन, चार. त्याने ओतलं नाही.

"अन्नपूर्णा," तो दारामागून म्हणाला.

ऐकलंत ना तुम्ही? मी त्याच्या हातात होतो. धोंडबाच्या आणि याच्या हातात मिळून माझी साठ वर्षं गेली, आणि मी हातात असताना या घरातला पुरुष पहिल्यांदा बोलला. त्याचा आवाज आधी माझ्यात शिरला, घुमला आणि मग बाहेर गेला.

"काय वो?" आंगणातून उत्तर आलं.

"आज बी गेलं रक्त."

"बरं," ती म्हणाली. भाजी आणली असं कोणी सांगितल्यावर म्हणावं तसं. "अजून?"

"आन... बाबाले बी जात होतं." तो थांबला. माझं पाणी हिंदकळलं. "मी पाह्यलं होतं. माय त्याइचे पायजमे राखेनं धुवे, परसात, कोणाले न दिसता. मी दवाखान्यात नाई म्हटलं. ते चूक झालं. मोनालीले सांग का तिले बी तपासा लागन..."

बाहेर अन्नपूर्णाच्या बांगड्या वाजल्या.

"नाई, थांब," शामराव म्हणाला. "नोको सांगू तू. मीच सांगतो. मोनाली, बेटा, इकडं ये. दाराजवळ ये."

पैंजणं वाजली नाहीत, चपलाच वाजल्या. दाराला पाठ लावून ती खाली बसली आणि बाप आतून बोलत राहिला. आज्याचं, भट्टीचं, ताकाचं. मी हातात, तो आत, ती बाहेर. त्याने मला खाली ठेवलं तेव्हा आभाळ विझलं होतं.

आज सोमवार आहे. सकाळी आंगणातली अठरा पावलं तो मला उघडं हातात घेऊन चालला. कुंपणापलीकडून शेजारचे दौलतराव जात होते. त्यांनी नियमाप्रमाणे मान फिरवली. "रामराम दौलतराव," शामराव म्हणाला, "आजपासून शेक सुरू हाय माया. तुमाले बी भट्टीची गरमी निघते ना मधून मधून? दाखवून घ्या." दौलतराव गडबडून उभेच राहिले. मग स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि अन्नपूर्णाचा, "पाण्याची बाटली घेतली का?"

तो बरा होईल का, मला ठाऊक नाही. मी गडवा आहे, ज्योतिषी नव्हे. मी अजून उंबऱ्याबाहेरच आहे आणि आता आत जायची मला हौसही उरलेली नाही. उद्या पिशवी लागली की ती धुवायला जे पाणी लागेल ते माझ्यातूनच जाईल. देवापुढे बसलो होतो तेव्हाही मला इतकं महत्त्वाचं काम नव्हतं.

तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी असेल. टिनाचा डबा, गुलाबी मग, काहीही. त्याला सगळं माहीत असतं आणि त्याला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. एवढंच माझं मागणं आहे.

अन्नपूर्णाने मला जाताना भरून ठेवलं आहे. झरोक्यात आज आभाळ स्वच्छ आहे. वैनगंगेच्या काठावर धोंडबा आहे, पण त्याने लाकडी चपला काढून ठेवल्या आहेत आणि पाय पाण्यात सोडून बसला आहे. दुपारी कडी वाजेल तेव्हा मी जागा होईन. शामराव आत येईल, मला उचलेल आणि कसं झालं ते दारामागूनच मोठ्याने सांगायला लागेल.